समस्त वाडीचा टोप

मित्रांनो, देवळामागच्या पडवीत पालथा पडलेला तांब्याचा जुना टोप तुम्ही पाहिला असेल. तो मी. हल्ली माझ्यावर कोंबड्या बसतात, म्हणून ओळख करून द्यावी लागते.

पोलादपूरच्या कडेला, महामार्गाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मुंबईला नोकरीला गेलेल्यांनी वर्गणी काढून मला महाडच्या बाजारात घेतलं. कंडक्टर मला एसटीत चढू देईना. तेव्हा काशीराम नावाच्या तरण्या गड्याने मला डोक्यावर घेतलं आणि चालत वाडीत आणलं.

माझ्या काठावर ‘समस्त वाडी’ असं कोरलेलं आहे. रीत एकच होती. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने मला न्यावं आणि लख्ख घासून परत ठेवावं. लग्न असो की बारावं, भात माझ्यातच शिजायचा. काशीरामची बायको तुळसा चिंच आणि राख घेऊन बसली की मी नव्यासारखा व्हायचो. लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

मग देवळाच्या जागेवरून वाडीतल्याच रामाचं गावकीशी वाकडं आलं. गावकीने त्याचं घर वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या दारात जायचं नाही. रामाची आई आजारी पडली, तेव्हा तुळसा तिला पेज घेऊन गेली. पुढच्याच बैठकीत तुळसाचं घरही वाळीत पडलं.

वर्षभराने काशीराम वारला. बाराव्याच्या आदल्या दिवशी तुळसा मला मागायला आली. सुतक होतं म्हणून ती देवळाच्या पायरीखालीच उभी राहिली. मला देवळातल्या खोलीत ठेवत आणि तिची किल्ली गावकीचा पुढारी सोनबा याच्याकडे असे.

“टोप गावकीचा हाय गो. तुमी गावकीत नाय,” सोनबा खाली बघत म्हणाला.

“ह्यो टोप त्यांच्या डोक्यावरनं वाडीत आला, भावोजी. त्यांच्या बाराव्याला तरी द्या.”

“बैठकीत ठरलंय. माझ्या हातात काय नाय.”

किल्ली त्याच्या हातातच होती. मी आतून पाहत होतो.

तुळसाने घरातल्या पातेल्यांत भात शिजवला. जेवायला फक्त रामाच्या घरचे आले. पातेल्यांत भात उरला.

त्यानंतर मला मनापासून घासणारं कोणी राहिलं नाही. कल्हई उडाली, तीही कोणाला दिसली नाही. उत्सवाला तशीच माझ्यात आमटी केली आणि ती कळकली. सगळी ओढ्यात ओतावी लागली. “टोपच वायट निघाला,” सोनबा म्हणाला. त्याच्या नातीच्या लग्नात पोलादपूरहून केटरर आला आणि मी पडवीत आलो.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखा, असं मी आता सांगायला हवं. राखा. पण मला घासायला येणार असाल, तर आधी तुळसाच्या घरी जेवून या. ते जमणार नसेल तर येताना कानस आणा. काठावरचं ‘समस्त’ तेवढं घासून काढा आणि मग मला खुशाल मोडीत घाला.