स्कार्वेचं एक मत

"स्कार्वे, शून्य," अ‍ॅग्नेस म्हणाली. ती हेक्टरची निवडणूक प्रतिनिधी. अधिकारी त्या गावच्या मतपेटीतल्या चिठ्ठ्या उघडत असताना ती टेबलाअलीकडून डोळ्यांत तेल घालून मोजत होती.

"नीट बघ," हेक्टर म्हणाला. "एक असेलच. दर वेळी असतं."

"अहो, दोनदा बघितलं! बाकी सगळीकडे धो धो मतं पडताहेत, आणि तुम्ही त्या टीचभर गावात अडकलात. हेक्टर, तुम्ही निवडून येताय!"

आलाही. स्वतंत्र स्कॉटलंडचं स्वप्न घेऊन तीस वर्षं दारोदार हिंडला, सात वेळा आपटला आणि आठव्यांदा जिंकला. निळे झेंडे नाचले. याच्या डोक्यात मात्र एकच भुंगा: स्कार्वे, त्याचं जन्मगाव.

गावाचा राग काही खोटा नव्हता. पहिल्या निवडणुकीसाठी यानं वडिलांच्या मासेमारीच्या बोटीतला आपला हिस्सा विकायला काढला. थोरल्या भावाला, मर्डोला, एकट्याला बोट पेलेना, अख्खीच विकावी लागली. मर्डो जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींवर राबला. दोघे भाऊ पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत, आणि गावानंही याला मत दिलं नाही. एकच मत पडायचं. ते त्याला शाळेत शिकवलेल्या गनबाईंचं, असं हेक्टरनं ठरवूनच टाकलं होतं. दर निकालानंतर तो त्यांना व्हिस्कीची बाटली नेऊन द्यायचा, आणि त्या निमूट ठेवून घ्यायच्या.

फेब्रुवारीत मर्डो गेला. गावातून निरोप आला होता. टीव्हीवर चर्चा आहे, असं कारण सांगून हेक्टर दफनाला गेला नाही. खरं तर गावात तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

बाईंचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, या धास्तीनं तो निकालानंतर अ‍ॅग्नेसच्या गाडीतून तडक स्कार्वेला गेला. बाई परसात बटाटे लावत होत्या, ठणठणीत.

"बाई, मत द्यायला गेला नाहीत?"

"गेले की. तुझ्याविरुद्ध देऊन आले. जन्मात कधी दिलं नाही तुला मत, मेल्या!"

"मग त्या बाटल्या?"

"तू आणायचास, मी मर्डोला पोचवायचे. मत त्याचं, तर बाटलीही त्याचीच. म्हणायचा, बाई, त्या गाढवाला सांगू नका हं, शेफारेल."

बाईंनी घरातून एक कार्ड आणून त्याच्या हातात दिलं. शवपेटी खाली सोडताना कुठली दोरी कुणी धरायची, ते मर्डोनं मरायच्या आधी स्वतः लिहून ठेवलं होतं. पहिली दोरी डोक्याकडची, सगळ्यांत जवळच्या माणसाची. तिच्यापुढे लिहिलं होतं: हेक्टर.

"तुझी वाट बघितली. मग मीच धरली."

"जड होती, बाई?"

"कसली जड रे! वाळून काटकी झाला होता. भीती एवढीच, की डोक्याकडची दोरी आहे, माझ्या म्हाताऱ्या हातांतून सुटायला नको."

हेक्टर वाफ्याच्या कडेला मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. बाईंनी त्याला रडू दिलं.

बाहेर रस्त्यावर अ‍ॅग्नेस हॉर्न वाजवत होती. तिकडे लोक ताटकळले होते, भाषण व्हायचं होतं. हेक्टर उठला नाही. त्याच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या होत्या, दोरी धरल्यासारख्या.