लाल दोऱ्याचे तुकडे

हर्नियाचं ऑपरेशन हवं असेल तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी शिंपीमास्तरांना सुनावलं. मशीनवर बसलं की कळ यायची, दुकान अर्धा दिवस बंद राहायचं; तेव्हा मास्तर हट्टालाच पेटले. जेवणात मटण दीडशे ग्रॅम, तेही कच्चं असतानाच तोललेलं. शिजल्यावर ते आक्रसतं आणि हिशेब चुकतो. "म्हणजे बिनहाडाचंच धरायचं ना?" असं पुन्हा पुन्हा विचारून त्यांनी डॉक्टरांना पुरतं पिडलं.

पण घरात पातेलं एकच. तोललेले तुकडे सगळ्यांच्या तुकड्यांत मिसळले की कोणाचं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मास्तर शेवटी शिंपीच. त्यांनी आपल्या तुकड्यांना लाल दोरा बांधला आणि शिजल्यावर तेवढेच वेचून घ्यायला सुरुवात केली.

"रंग सुटला तर?" बायकोनं विचारलं.

"पक्का रंग आहे, बाई," मास्तर गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले.

ताटाशेजारी काटा येऊन बसला. भात तोलायचा, कांद्याची चकतीसुद्धा तोलायची, आणि मोबाइलमध्ये नोंद झाल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. कोणी वाढायला आलं की मास्तर ताटावर पंजा धरायचे. समोर बसलेली त्यांची म्हातारी आई हे सगळं टुकुटुकु बघायची.

महिना उलटला तरी वजन तसूभर हललं नाही. मास्तरांनी काट्याला शिव्या घातल्या, खाटकाशी हुज्जत घातली, शेवटी बायकोच्या तेलावर घसरले.

"उद्यापासून स्वतः रांधा आणि स्वतःच तोला!" बायकोनं ठणकावलं.

एका सकाळी कात्री विसरली म्हणून ते दुकानातून घरी परतले. पातेलं अजून गॅसवर चढायचं होतं. आई कच्च्या मटणापुढे बसून लाल दोऱ्यांच्या गाठी सोडत होती आणि तेच दोरे आपल्या वाट्याच्या चांगल्या मोठ्या तुकड्यांना बांधत होती. मास्तरांचे बारके तुकडे तिनं स्वतःसाठी बाजूला सारले होते.

"आई! हे काय चाललंय?" मास्तर कडाडले.

"हळू बोल, सून ऐकेल," आई कुजबुजली. "घरात तोलून खायची पाळी आलीय, मला दिसत नाही का रे? दिवसभर मशीन ओढणारा तू. मला म्हातारीला कशाला लागतंय एवढं?"

मास्तरांचा राग जागच्या जागी विरला. आईचं पोलकं खांद्यावरून ओघळत होतं. गावभराची मापं घेत फिरणाऱ्या त्यांना घरातलं हे माणूस आटत चाललेलं दिसलंच नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अगं आई, कमी नाही पडत! जास्त होतंय म्हणून तोलतोय!"

आईनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. जास्त झालेलं कोणी तोलून खातं, असं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पोरगं आपल्याला धीर द्यायला खोटं बोलतंय, याबद्दल तिची खात्रीच पटली.

"बरं हो," ती म्हणाली, आणि तिनं हातातली गाठ आणखी घट्ट आवळली.