खिडकीतली बाई कोण?

चित्रकाराच्या चित्रातली प्रत्येक बाई म्हणजे त्याची बायकोच. केस बदलायचे, नाक बदलायचं, पण समोर खुर्चीवर बसायला हीच. लग्नाआधीच तिने तशी अट घातली होती आणि वीस वर्षं मान अवघडेपर्यंत निभावलीही होती.

त्यामुळे प्रदर्शनात ते नवं चित्र पाहून तिच्या पायाखालची जमीनच सरकली. कॉफीच्या दुकानाची काच, आत पाठमोरी बाई, लाल कोट, समोर गार झालेला कप, टेबलाखाली एक पाय बुटातून बाहेर काढलेला. एवढ्या मोठ्या शहरात तिचं कुणी नाही, हे नुसत्या मानेवरून कळत होतं. आणि या चित्रासाठी ही एक मिनिटही बसली नव्हती!

लोक चित्रापुढून हलेनात. "कुठे सापडली हो ही?" कुणीतरी विचारलं, तर चित्रकार नुसता हसला. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. इतक्या मायेने हिची मान त्याने कधी रंगवली होती? कोण कुठली भवानी, बूट काढून बसते काय आणि वीस वर्षांवर पाणी फिरवते काय!

घरी येताच तिने नणंदेला फोन लावला. "तुझा भाऊ कुणाच्या तरी नादी लागलाय."

"तो? त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, बाई कुठून सापडणार?"

तिला हसू आलं नाही. सकाळी तो रंग आणायला गेल्यावर तिने कच्च्या रेखाटनांचा गठ्ठा उपसला. प्रत्येक कागदामागे दिवस आणि वेळ लिहायची त्याची जुनी खोड. सापडली एकदाची सटवी! मागे लिहिलं होतं : कॉफीचं दुकान, गुरुवार, साडेचार ते पावणेसहा.

तिने कागद उलटून उजेडात धरला. इथे लाल कोट नव्हता, तिची स्वतःची करडी शाल होती. कपाशेजारी बंद पाकीट होतं. तिच्या छातीतल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट. एकटीने उघडायचा धीर होईना, म्हणून त्या गुरुवारी ती त्या दुकानात त्याची वाट पाहत बसली होती. तो सहाला आला होता, धापा टाकत. "बस चुकली गं."

तो परतला तेव्हा कागद तिच्या मांडीवरच होता.

"आत का नाही आलास?"

त्याने रंगांची पिशवी खाली ठेवली. "आलो असतो तर तू एकटी राहिली नसतीस."

तिला रडू फुटलं. आणि तरी चित्रातल्या त्या बाईचा हेवा काही जाईना. तिच्याकडे तो सव्वा तास टक लावून पाहत उभा होता.