खांबावरची रेघ

बेरिल गॅफनीच्या गल्लीत कुणाला कुंपणाचा खिळा ठोकायचा असला, तरी तो आधी बेरिलला विचारून ठोकत असे. कुंपण किती उंच चालतं, गाडीवरचं छप्पर रस्त्यापासून किती मागे घ्यावं लागतं, कोंबड्यांच्या खुराड्याला परवाना लागतो की नाही, सगळं तिच्या जिभेवर. जन्मभर शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली, आणि वेळ जाईना म्हणून नगरपालिकेची बांधकाम नियमावली वाचायला बसली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तळटिपांसकट. शेजारची पीना म्हणायची, "एवढ्या वेळात विणकाम केलं असतंस, तर निदान एक स्वेटर तरी झाला असता."

आता मात्र काम तिच्या स्वतःच्या घराचं होतं. तिचा धाकटा भाऊ नेव्ह साखरेच्या दुखण्यानं इस्पितळात होता आणि डॉक्टरांनी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. उजव्याचाही भरवसा नव्हता. नेव्हनं लग्न केलं नव्हतं, सगळी हयात उसाच्या कारखान्यात काढली, आणि बहिणीचा नवरा वारल्यापासून तो तिच्याबरोबर बापाच्या ह्या जुन्या घरात राहत होता. आता तो चाकाच्या खुर्चीतून येणार, आणि घर लाकडी, दीड पुरुष उंचीच्या खांबांवर उभं. पुढच्या जिन्याला चौदा पायऱ्या. इस्पितळातली बाई गोड आवाजात म्हणाली होती, की महिनाअखेरपर्यंत घराची सोय नक्की झाली नाही, तर दूरच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे.

"खाट रिकामीच राहू दे," बेरिल म्हणाली होती. "माझा भाऊ घरी येणार."

तिची योजना साधी होती. घराखालची मोकळी जागा, जिथे कपडे वाळतात, जुन्या खुर्च्या पडून असतात आणि उन्हाळ्यात अख्खी गल्ली बिअर प्यायला बसते, तिथेच जमीन दोन पायऱ्यांएवढी उचलून, भिंती घालून नेव्हची खोली करायची. तिनं नकाशा स्वतः काढला. छताची उंची नियमात, हद्दीपासूनचं अंतर नियमात. घर जुन्या घरांच्या पट्ट्यात होतं, त्यामुळे रस्त्याकडच्या तोंडाला हात लावायचा नाही, हेही तिनं सांभाळलं. आणि तरीही अर्ज परत आला. घर पूरपट्ट्यात आहे, झोपायच्या खोलीची जमीन पूररेषेच्या वर हवी, तुमची भरत नाही.

बेरिलनं नगरपालिकेतल्या डीनला फोन लावला. डीन लहान असताना तिच्याच बसमधून शाळेत जायचा, मागच्या बाकावर बसून च्युइंगम चिकटवायचा.

"अरे पोरा, तुझी पूररेषा कुणी काढली? संगणकानं?"

"मोजणी करून काढलीय, बेरिल."

"माझ्याकडे माझ्या बापानं काढलेली आहे. चौऱ्याहत्तरच्या पुरात, स्वतःच्या हातानं, लाल रंगात. तुमच्या रेषेच्या कितीतरी खाली. ये आणि बघ. आणि येताना दाढी करून ये, फोटो काढणार आहे मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी तिला कोण सांगणार? बेरिल चुकते, हे गल्लीत कुणी पाहिलेलंच नव्हतं.

तो खांब घराखाली मध्यभागी होता. बाकीचे सगळे खांब बापानं म्हातारपणी बदलून सिमेंटचे केले, हा एकच लाकडी ठेवला, कारण त्याच्यावर घरादाराचा इतिहास होता. त्याच्यावर आता घराचा भार नव्हता, कपड्यांची दोरी तेवढी बांधलेली असे. पोटरीएवढ्या उंचीवर पुराची लाल रेघ होती. वर, बेरिलच्या कमरेशी, चाकूनं कोरलेलं नाव होतं: नेव्ह. आठवा वाढदिवस, डोक्यावर पाटी ठेवून घेतलेली उंची. ह्या घरी परत राहायला आल्यापासून बेरिलनं त्या खुणेवरून भावाला पिडलं होतं. आठ वर्षांचा घोडा आणि उंची बघा, कुत्रासुद्धा याच्याहून उंच होता! नेव्ह दर नाताळला शपथेवर सांगायचा, की तो तेव्हा तिच्या खांद्याला लागत होता, आणि दर नाताळला सगळे हसायचे.

डीन आला, दाढी करून आला. बेरिलची तयारी जय्यत होती. एकट्या रेघेवर कोण विश्वास ठेवील, म्हणून तिनं दुसरा साक्षीदार शोधला होता. पीनाच्या अंगणात पावाची विटांची भट्टी होती, तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी बांधलेली. चौऱ्याहत्तरच्या त्याच पुरात त्यानंही भट्टीवर पाण्याची खूण कोरून ठेवली होती. दोन अंगणांची जमीन वेगवेगळ्या उंचीची, त्यामुळे नुसत्या डोळ्यानं ताळा जमत नव्हता. म्हणून बेरिलनं गवंड्यांची लेव्हलची नळी आणली. लांबलचक पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, मग मध्ये कुंपण असो की डोंगर.

"पीना, तुझ्या टोकाचं पाणी खुणेवर आलं की ओरड," बेरिल म्हणाली. "आणि डीन, तू इथे माझ्या रेघेकडे बघत राहा. नंतर म्हणू नकोस बाईनं हातचलाखी केली."

पीना कुंपणापलीकडून ओरडली, "आलं! बरोब्बर खुणेवर!"

बेरिलच्या हातातल्या नळीत पाणी लाल रेघेपाशी नव्हतं. ते तिच्या वर फूटभर होतं.

"नीट धर गं! चष्मा लाव!"

"चष्मा लावलाय. तूच नीट धर."

त्यांनी टोकं बदलली. बेरिल भट्टीपाशी गेली, पीना खांबापाशी आली. पुन्हा फूटभर. नळी झटकून आतले बुडबुडे काढले. तरी फूटभर.

पीनानं खांदे उडवले. "पाणी काही मला भाऊ लागत नाही. मी त्याला कशाला खोटं बोलायला लावू?"

डीन हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. तो नुसता आपल्या बुटांकडे बघत राहिला.

भट्टी तर हललेली नव्हती, पन्नास वर्षं तिथेच पाव भाजत होती. मग पाणी कुठं मुरतंय? बेरिलनं फावडं आणलं आणि खांबाच्या बुडाशी माती उकरायला लागली. जुने खांब जमिनीत चांगले खोल पुरलेले असत, खालचं टोक कुऱ्हाडीनं तासलेलं. हा ओंजळभर मातीतच संपला. आणि त्याचं बूड करवतीनं कापलेलं होतं, टेबलासारखं सपाट.

"अगं बाई," पीना म्हणाली. "वाळवी! आता आठवलं. खांब बदलले तेव्हा तुझे बाबा इथे बसून कापत होते. मी विचारलं, काय करता? म्हणाले, वाळवीचा वाटा वाळवीला देतो, आमचा वाटा ठेवतो."

बेरिल तेव्हा नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी होती आणि नेव्ह कारखान्याच्या हंगामात. म्हाताऱ्यानं कुजलेलं बूड जमिनीवरच्या फूटभर भागासकट कापलं, उरलेला खांब पुन्हा जागेवर उभा केला, आणि रेघ त्याच्याबरोबर खाली उतरली, हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल. त्याला फक्त पोरांच्या खुणा ठेवायच्या होत्या.

बेरिल कपडे धुवायच्या जुन्या दगडी टाकीच्या कडेवर बसली. हरल्याचं तिला तितकंसं वाटलं नाही. तिला भीती वाटली. ह्या रेघेच्या भरवशावर ती नेव्हची खाट मांडणार होती. रात्री पाणी आलं असतं, तर एका पायाचा माणूस कुठे पळाला असता?

"डीन," ती म्हणाली, "तुझी रेषा बरोबर आहे. हे मी एकदाच म्हणणार आहे, नीट ऐकून घे."

"ऐकलं," डीन म्हणाला, आणि नळी गुंडाळायला लागला.

"थांब! गुंडाळू नकोस."

ती उठून उभी राहिली. खालची जागा पूररेषेखाली आहे, तर नेव्हची खोली वर, हे उघड होतं. अडचण फक्त जिन्याची. पण जिना कुठून मोजायचा? पुढच्या रस्त्यावरून, कारण घराचं तोंड तिकडे. मागे मात्र जमीन टेकडीसारखी चढत जात होती. वर घाणेरीचं माजलेलं रान आणि त्याच्याही वर ती जुनी गल्ली, जिथून एके काळी मैल्याची गाडी फिरायची. तिकडे कोण कशाला बघतंय?

"पीना, हे टोक घेऊन वर जा, स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत. पाणी स्वयंपाकघराच्या जमिनीच्या पातळीला आलं की ओरड."

बेरिल आणि डीन घाणेरीत घुसले. डीनची पँट फाटली, बेरिलचे हात ओरबाडले. काही वेळानं खिडकीतून पीनाची हाक आली. बेरिलनं नळी धरली. पाणी जुन्या गल्लीच्या मातीपासून जेमतेम वीतभर वर होतं. घराची वरची जमीन आणि मागची गल्ली, दोघी जवळजवळ एका पातळीत.

"पूल," बेरिल म्हणाली.

"पूल," डीन म्हणाला. तो हसायला लागला होता.

"रस्त्याकडचं तोंड तसंच राहतं, म्हणजे जुन्या घरांचा पट्टा खूश. झोपायची खोली वर, म्हणजे पूरपट्टा खूश. चाकाच्या खुर्चीला चौदा फुटांत एक फूट उतार चालतो, हा तर त्याहून कितीतरी सौम्य. दोन्हीकडे कठडे. आणि छप्पर घालायचं नाही."

"छप्पर का नाही? पावसात भिजेल की तो."

"छप्पर घातलं की ते घर धरलं जातं आणि मागची हद्द सोडावी लागते. उघडा पूल हद्दीपर्यंत नेता येतो. तुझीच नियमावली आहे रे पोरा. वाचत जा कधीतरी."

डीननं डोकं खाजवलं. "अभियंत्याची सही तरी लागेलच."

"ती उद्या आणते."

तिनं ती दुसऱ्याच दिवशी आणली. अभियंतासुद्धा तिच्या बसमधलाच होता.

मग गल्ली कामाला लागली. ज्यांची कुंपणं, छपरं आणि खुराडी बेरिलनं नियमात बसवून दिली होती, ते सगळे घाणेरी तोडायला कोयते घेऊन आले. पीना पाव भाजून आणायची आणि कोण किती कमी काम करतो हे मोठ्यानं सांगायची. परवाना आला, पूल उभा राहिला, तपासनीस येऊन कठडा हलवून बघून गेला. कठडा हलला नाही. महिनाअखेर अजून पुढे होती.

नेव्ह आला तो मागच्या गल्लीतून. बेरिलनं खुर्ची ढकलायला घेतली, त्यानं तिचे हात बाजूला केले आणि स्वतःच चाकं फिरवत पुलावरून निघाला.

"वा गं ताई," तो म्हणाला. "एवढे नियम वाचलेस, आणि भावाला घरात घेतलंस ते मैल्याच्या वाटेनं."

"तू आहेसच तसा म्हणून. चल, दार अडवू नकोस."

तो आत गेला आणि खोलीच्या दाराशी थांबला. खाटेजवळ, भिंतीला टेकवून, खालचा तो खांब उभा होता. बेरिलनं तो पुसून वर आणवला होता. त्याच्या बुडाखाली नव्या कडक लाकडाचा फूटभर ठोकळा घट्ट बसवलेला होता. लाल रेघ आता गुडघ्याशी होती, आणि कोरलेलं नाव बेरिलच्या छातीच्याही वर.

बेरिल खांबाशेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याचं टोक खुणेला लावून. थोडंसंच अंतर राहत होतं.

"हे बघ," ती म्हणाली. "बाबांनी खालून कापला होता. मला माहीत नव्हतं. तू बरोबर सांगत होतास. मी तेव्हा आत्तापेक्षा बुटकी होते, आणि तू माझ्या खांद्याला लागत होतास."

तिचा आवाज फुटला, आणि तिनं तो लपवला नाही.

नेव्ह खुर्ची पुढे घेऊन आला. बसल्या जागेवरून त्याला मान वर करून बघावं लागलं. त्यानं नावावरून बोट फिरवलं, मग खाली वाकून नव्या ठोकळ्यावर थाप मारली, मग आपल्या रिकाम्या विजारीच्या पायावर.

"म्हणजे आम्ही दोघंही खालून गेलेले," तो म्हणाला. "पण याला तू नवा बसवलास."

"तुझाही बसवणार आहेत. मी इस्पितळात विचारून आलेय. आधी जखम भरू दे."

"त्याला परवाना लागतो का?"

"नाही," बेरिल डोळे पुसत म्हणाली. "मी बघितलंय."