धुळीच्या पायांचे घंगाळ

मी एक जुने पितळी घंगाळ आहे. मित्रांनो, माझी एक कडी ढिली झाली आहे आणि पोटावर पोचे आले आहेत. पण माझी कीव करू नका. मी भांडून मिळालेले आयुष्य जगते आहे.

माझा जन्म नळदुर्गजवळच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. आमच्या गावातल्या ख्रिस्ती घरांनी फुटके पितळी तांबे, चेपलेल्या वाट्या, तडकलेली पातेली गोळा करून दिली आणि त्यांतून मला ओतले. गावच्या लहानशा चर्चमध्ये माझे काम एकच होते. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय माझ्यात धूत.

खरे सांगू? ते बारा जण घरूनच साबणाने पाय घासून येत. कोणी नवे मोजे घालून येई. पाळकसाहेबांसमोर मळके पाय कसे काढायचे, ही लाज. माझ्यातले पाणी आले तसेच स्वच्छ परत जाई. मग मला चिंच लावून घासायचे, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे. वर्षातून एक तास काम आणि बाकी सगळे कौतुक. अशी साठ वर्षे गेली.

चर्चची झाडलोट चन्नम्मा करायची. किल्लीही तिच्याकडेच असे. गेल्या कोजागरीच्या दोन दिवस आधी तुळजापूरला चालत जाणारे भाविक चर्चसमोरून निघाले होते. पाय अनवाणी, खाली तापलेले डांबर. चन्नम्माने थोडा वेळ पाहिले. मग तिने कपाट उघडले, मला बाहेर आणले आणि कोमट पाण्यात मीठ टाकून ती रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसली.

पहिला आला मल्लिनाथ, कर्नाटकातून निघालेला. त्याच्या टाचेला बोराएवढा फोड होता. तरी तो लांबच उभा राहिला.

"मावशी, आमाला बाटवायला बसलीस व्हय?"

"पाय धुतीया," चन्नम्मा म्हणाली. "डोक्यावर पानी घातलं, तर उठून जा."

तो हसला आणि बसला. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यातले पाणी पहिल्यांदा काळे झाले. दिवेलागणीपर्यंत किती वेळा बदलले, कोणी मोजले नाही.

त्याच संध्याकाळी मंडळीचे पंच अंबादासराव आले. प्रभूच्या सेवेचे भांडे रस्त्यावर नेऊन बाटवले, असे त्यांचे म्हणणे. पुन्हा नेलेस तर किल्ली परत द्यावी लागेल, असे त्यांनी बजावले. किल्लीबरोबर चन्नम्माचे वीस वर्षांचे काम जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः त्यांच्या दारात गेली. मी तिच्या काखेत होते.

"परभूनं पाय धुतले ते चालून आलेल्या, धुळीनं भरलेल्या मानसांचे," ती म्हणाली. "तुमी साबन लावून येता, अंबादासराव. ही घ्या किल्ली. ह्या घंगाळात माझ्या आजीचाबी तांब्या हाय. ते म्या नेते."

दुपारी अंबादासराव मला परत न्यायला लिंबाखाली आले. माझ्यात तेव्हा एका म्हाताऱ्या बाईचे पाय होते.

"आजी, पाय काढा," खाली बसून माझ्या कडीला हात घालत ते म्हणाले.

आजीला वाटले, हा पुसून देणार. तिने पाय काढला आणि थेट त्यांच्या हातात ठेवला. टाचेच्या भेगेतून रक्त येत होते. अंबादासरावांना तो पाय टाकताही येईना आणि काय करावे तेही कळेना. अखेर त्यांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून तो पुसला.

"लई बरं वाटलं बघा, दादा," आजी म्हणाली.

अंबादासराव उठले आणि मला न घेताच निघून गेले.

त्यांनी माफी मागितली नाही. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. यंदाच्या पाय धुण्याच्या गुरुवारासाठी स्टीलचे नवे घंगाळ आले. फार चकचकीत आहे म्हणे. चन्नम्मा आता लोकांच्या शेतात खुरपायला जाते. रविवारी मात्र न चुकता चर्चमध्ये मागच्या रांगेत बसते आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गाते. तिला कोणी गप्प करू शकलेले नाही.

मी तिच्या दारात असते. आजारी शेजारणीला माझ्यातल्या पाण्याने अंघोळ घालतात. पाय मुरगळलेली पोरे माझ्यात पाय बुडवून बसतात. चिंच लावून घासायला कोणाला वेळ नाही आणि मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे तुम्हाला शिकवतात. राखा, पण फडक्यात गुंडाळून ठेवणे म्हणजे निगा नव्हे. प्रार्थनाही म्हणा, मोठ्याने म्हणा. मात्र 'आमेन' म्हटल्यावर दाराबाहेर कोण लंगडत चालले आहे, ते पाहा. त्याचा देव कोणता, हे विचारत बसू नका. खाली बसा. पाणी धरायला मी आहे.