मऊ कवचाचे अंडे

मित्रांनो, आशागडच्या पलीकडे एका पाड्यावर आमचे कुडाचे घर आहे. त्या घराच्या ओटीवर ऊन खात बसलेली म्हातारी गावठी कोंबडी म्हणजे मी. माझ्या तुऱ्याचा रंग उडाला आहे आणि एका डोळ्याने धूसर दिसते. कोंबडीला कसली आली अक्कल, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी जे पाहिले ते मी विसरलेले नाही.

मला जयवंतीने वाढवले. मी अंड्यातून बाहेर पडले आणि थोड्याच दिवसांत माझ्या आईला मुंगसाने नेले. माझी भावंडे गारठून गेली. जयवंती तेव्हा नवी नवरी होती. तिने मला पदरात गुंडाळून चुलीजवळ ठेवले आणि भिजवलेल्या कण्या बोटाने भरवल्या. पुढे मी तिच्या मागेमागे अंगणभर हिंडू लागले. ती वाफे उकरायची, मी किडे वेचायची. तिने फेकलेली सुकटीची डोकी आणि शिंपल्यांचा चुरा मी चोचीने टिपायची. माझी अंडी तपकिरी आणि टणक असत. "माझ्या कोंबडीचा अंडा दगडासारखा," असे ती शेजारणींना सांगायची, तेव्हा माझी मान आपोआप ताठ व्हायची.

जयवंती कोसबाडच्या बाजूला चिकूच्या वाडीत कामाला जायची. एका संध्याकाळी टेम्पोतून उतरताना तिचा पाय अडकला आणि ती रस्त्यावर पडली. नडगीचे हाड मोडले. तिचा नवरा लडक्या तिला पाठीवर घेऊन अंगणात आला, तेव्हा गुडघ्याच्या वरपर्यंत पांढरे प्लास्टर होते.

"डॉक्टरांनी सांगितलाय, हाड जुळायला खाणा लागतो," लडक्या आपल्या आईला म्हणाला. "डाळ, अंडी, मासळी, नाचणी, पालेभाजी, सगळा द्यायचा. लिंबू, आवळा पण चालतो."

त्याची आई चिमी चुलीपुढे बसली होती. ती वळलीसुद्धा नाही. "डॉक्टरनी तुझ्या बापाला बघितला नव्हता. त्याचा पण पायच मोडला होता. चोरून सुकट खाल्ली, पाय पिकला न् गेला. माझ्या घरात आता पथ्य पाळायचा."

लडक्याने आईचे म्हणणे मानले. बाप गेला तेव्हा तो लहान होता.

त्या दिवसापासून जयवंतीच्या पुढ्यात फक्त पेज येऊ लागली. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, कधी सोबत मिठाचा खडा. चिमी दुष्ट नव्हती, मित्रांनो. ती सुनेचे अंग पुसायची, केस विंचरायची, उशाशी बसून वारा घालायची. फक्त खायला द्यायची नाही. माझी अंडी ती शेजारी वाटून टाकायची. घरात ठेवली तर सून मागेल, ही भीती.

माझेही दिवस फिरले. लक्ष ठेवायला अंगणात कोणी नाही म्हणून मला बांबूच्या डालग्याखाली कोंडले. ना किडे, ना शिंपल्या, नुसत्या कण्या. डालग्याच्या फटीतून मला जयवंतीची खाट दिसायची. तिचे गाल बसत चालले होते. भूक मारायला ती दिवसभर मिश्री घासायची. सुरुवातीला ती म्हणायची, "आये, थोडी डाळ तरी दे ना." मग ती मागेनाशी झाली. मग भिंतीकडे तोंड करून पडू लागली.

लडक्या तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला. संध्याकाळी ती दोघे परत आली. रात्र पडायच्या आत चिमीने विचारलेच.

"हाड जुळला नाय," लडक्या म्हणाला. "असाच राहिला तर पाय चिरून आत रॉड घालावा लागल. मोठ्या दवाखान्यात. तरी चालल का नाय, सांगता येत नाय."

चिमीने दुसऱ्या दिवसापासून पथ्य आणखी कडक केले. पेजेतले मीठही बंद झाले.

मी डालग्याखाली फडफडायची, ओरडायची. पण कोंबडीच्या ओरडण्याचा अर्थ कोण लावणार? माझ्याही अंगात जोर उरला नव्हता. आणि एके सकाळी मी अंडे घातले, ते मऊ होते. कवचच नव्हते त्याला, नुसता पातळ पापुद्रा. चिमीने ते उचलले तशी तिच्या बोटांत ते दबले. ती दचकली.

"अपशकुन झाला! लडक्या, सुरी घे. ही कोंबडी घरात नको."

लडक्याने माझे पाय धरले. मी उलटी लोंबकळत होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. किती दिवसांनी आला होता तो आवाज!

"तिला सोडा. तिचा काय दोष? तिला नुसत्या कण्या घालता. कवच कशाचा करल ती?"

जयवंती कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न करत होती. "शिंपल्या कुटून घाला. सुकटीची डोकी घाला. मोकळी सोडा. मग बघा."

तिच्या शब्दाखातर लडक्याने सुरी ठेवली. डहाणूच्या खाडीवरून त्याने शिंपल्या आणल्या आणि दगडावर कुटून माझ्यापुढे टाकल्या. मी त्या अधाशासारख्या खाल्ल्या. काही दिवसांनी मी पुन्हा अंडे घातले. चिमीने ते बोटाने वाजवून पाहिले. टणक होते.

ती ते शेजारी द्यायला निघाली. जयवंतीने तिचा हात धरला.

"आये, कोंबडीला दिला तर तिनी कवच केला. मला काय दिलास तू? मी हाड कशाचा करू?"

चिमी तिथेच खाली बसली. अंडे तिच्या मुठीतच होते. "तू पण गेलीस तर?" ती एवढेच म्हणाली.

"अशी पण चाललेच ना मी," जयवंती म्हणाली.

चिमीने चूल पेटवली. अंडे उकडले, सोलले आणि स्वतःच्या हाताने सुनेला भरवले. मग प्लास्टरच्या कडेला हात ठेवून, ताप चढतो का ते पाहत ती तशीच बसून राहिली. ताप चढला नाही. दुसऱ्या दिवशी तुरीचे वरण झाले. मग नाचणीची भाकर, शेवग्याचा पाला, सुकट, वर लिंबू. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, म्हणून मिश्रीचा डबा लडक्याने फेकून दिला. सकाळच्या उन्हात तो जयवंतीची खाट अंगणात काढायचा आणि मी खाटेखाली माती उकरत बसायची.

हाड जुळले, पण सावकाश. फार दिवस वाया गेले होते. जयवंती आजही किंचित लंगडते. पण ज्या दुपारी ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी ओटीवर आली, त्या दुपारी लडक्या लहान पोरासारखा रडला.

चिमी मात्र हसली नाही. ती माझ्याशेजारी ओटीवर बसून कुठेतरी बघत होती.

"जयवंती," ती हळूच म्हणाली, "त्याला पण भूकच लागली होती का ग?"

"कोणाला, आये?"

"लडक्याच्या बापाला. तो रोज मागायचा. मी रोज नाय म्हणायची."

जयवंतीने तिचा हात हातात घेतला.

मित्रांनो, मी आता अंडी घालत नाही. तुम्हाला द्यायला माझ्याकडे एवढे सांगणेच आहे. तुमच्या घरी कोणी हाड मोडून पडले असेल, तर त्याच्या ताटात काय वाढले आहे ते एकदा वाकून बघा. तो मागत असेल तर द्या. आणि मागायचा थांबला असेल, तर धावत जाऊन द्या.