डोरीनच्या तोंडचा 'स्क्रफी'

मी 'स्क्रफी' बोलतोय. इंग्रजीतलं एक साधं विशेषण. विस्कटलेले केस, उसवलेली बाही, चिखलात लोळून आलेला कुत्रा, असं काही गबाळं दिसलं की उत्तर इंग्लंडमधली आमची माणसं मला बोलावतात. घाणेरडा म्हणजे मी नव्हे. टाकाऊ तर मुळीच नव्हे. पण ऐकतो कोण?

डोरीनच्या तोंडी मी सुखात होतो. नवरा विल्फ भाजीच्या मळ्यातून आला की ती दारातच म्हणायची, "काय हा अवतार! स्क्रफी कुठला! बूट काढ आधी, चहा टाकलाय." चाळीस वर्षं तो मला ऐकून हसत आला. मागच्या हिवाळ्यात डोरीन गेली.

गावाबाहेरच्या मळ्यात भाड्यानं घेतलेला एक तुकडा दोघांकडे होता. त्यात डोरीनच्या वडिलांपासून चालत आलेले लीक. लीक म्हणजे कांद्याचाच जाडजूड भाऊ. बी धरायचं तर काही झाडं उपटायची नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात ती माणसाएवढी वाढतात, वेडीवाकडी झुकतात आणि शेंड्यावर बियांचे गोंडे धरतात. डोरीननं लावलेली शेवटची बारा झाडं विल्फनं तशीच राखली होती. घरात जुनं बी चिमूटभरही नव्हतं.

ऑगस्टमध्ये मळ्याच्या समितीची पाहणी झाली. चिटणीस क्लिफर्ड विल्फच्या बाकावर बसून त्याच्याच थर्मासमधला चहा प्यायला.

"हवा बरी आहे."

"बरी आहे," विल्फ म्हणाला.

झालं! तीन दिवसांनी घरी पत्र आलं. तुकडा स्क्रफी दिसतो, पंधरा दिवसांत साफ करा, नाहीतर तुकड्यासाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला देऊ. अरे, चहा पिताना तोंडाला कुलूप होतं का?

आणि विल्फही तसलाच. 'महिनाभर थांब, बी पिकतंय' एवढंच तर सांगायचं होतं! पण सवलत मागणं या माणसांच्या रक्तातच नाही. त्यानं पत्र वाचलं, माझ्यावर बोट ठेवलं आणि पुटपुटला, "डोरीनही हेच म्हणाली असती." मग विळा घेऊन निघाला. नाही रे बाबा, या झाडांना ती असं कधीच म्हणाली नसती! मी जीव तोडून ओरडत होतो. पण कागदावरच्या शब्दाला आवाज कुठला?

गोंडे हिरवेच पडले. आतलं बी अजून कच्चं, पाणीदार होतं.

पुढच्या रविवारी क्लिफर्ड आला. "वा, विल्फ! आता कसं छान दिसतंय! अन् ऐक, पुढच्या वर्षी डोरीनच्या लीकची चार रोपं मला दे हं. तसले लीक गावात कुणाकडे नाहीत."

"बी नाही राहिलं."

"का रे?"

विल्फनं थर्मासचं झाकण फिरवलं. "हवा बरी आहे," म्हणाला.

लोकहो, मला खुशाल वापरा, त्यासाठीच मी आहे. पण कुणाच्या मळ्याला मला चिकटवण्याआधी त्याला एकदा तोंडानं विचारा, हे असं का ठेवलंस? विल्फच्या स्वेटरची बाही आता कोपरापर्यंत उसवली आहे. तो दारात बूट काढतो, आणि 'स्क्रफी कुठला!' म्हणणारं घरात कुणी नसतं.